विजेच्या गाडीने रस्त्याचे देणे कसे फेडावे?

घाटवळण
आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे पार्किंगमध्ये चार्जिंगची केबल टाकू देण्याचा विषय होता. त्यावर तळमजल्यावरचे काका उभे राहिले आणि म्हणाले, “आम्ही पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे कर मोजतो, त्यातून रस्ते होतात, त्यांवरून तुम्ही फुकट हिंडता, आणि वर आता भिंतही आमचीच फोडणार.” भिंतीचा प्रश्न मिटला, पण आधीचे वाक्य मला लागले, म्हणून घरी येऊन वही काढली.

माझी गाडी वर्षाला साधारण १२,००० किलोमीटर चालते. आधीची पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर जात असे, म्हणजे वर्षाला ७५० लिटर पेट्रोल लागे. केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट मिळून लिटरमागे ढोबळमानाने ४० रुपये धरले, तरी मी वर्षाला ३०,००० रुपये नकळत भरत होतो. आता सतराशे युनिटे लागतात. घरगुती मीटरवर १६ टक्के वीज शुल्क आहे, ते ९ रुपये दराने अडीच हजारांच्या आत बसते. शिवाय १५ लाखांच्या पेट्रोल गाडीला राज्यात १२ टक्क्यांनी १ लाख ८० हजार रुपये एकरकमी वाहन कर पडतो. माझ्या गाडीला तो पडला नाही.

तेव्हा काकांचे म्हणणे अगदीच खोडून काढता येईना. माझी कर भरायला ना नाही, परंतु तो कशावर असावा हे मला ठरवता येत नाही. किंमत, वजन, धावलेले किलोमीटर की चार्जिंगची वीज, यांपैकी कोणते माप न्याय्य ठरेल? जाणकारांनी आपापली मते द्यावीत.

मधली_सुट्टी
काकांना सांगावे, की आमच्या बाजूला अजून रस्ताच झालेला नाही, तो झाला की भाड्याचे बोलू.

जमाखर्च
‘पेट्रोलवरचा कर म्हणजे रस्त्याचे पैसे’ हे गृहीतक आधी तपासले पाहिजे. मे २०२२ मध्ये शुल्ककपात झाली, त्यानंतर पेट्रोलवरचे केंद्रीय शुल्क लिटरमागे १९ रुपये ९० पैसे राहिले. त्यात मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे, विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, कृषी पायाभूत सुविधा उपकर अडीच रुपये, आणि ज्याच्या नावात रस्ता आहे तो रस्ते व पायाभूत सुविधा उपकर अवघा ५ रुपये होता. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने जे २ रुपये वाढवले, तेही विशेष अतिरिक्त शुल्कातच गेले.

आता घाटवळण यांचे ७५० लिटर घेतले, तर रस्त्याच्या नावाने त्यांच्याकडून वर्षाला ३,७५० रुपये, म्हणजे किलोमीटरला ३१ पैसे जात होते. आज वीज शुल्कापोटी ते किलोमीटरला २० पैसे देतच आहेत, मात्र त्यावर ‘रस्ता’ असे लिहिलेले नाही. ‘वर्षाला तीस हजार बुडवले’ आणि ‘किलोमीटरमागे अकरा पैसे कमी भरले’ या दोन आरोपांमध्ये बरेच अंतर आहे. बाकीचे पैसे सरकारचा सर्वसाधारण महसूल आहेत, त्यांना रस्त्याचे भाडे म्हणणे बरोबर नाही.

आडवाट
जमाखर्च यांची मांडणी देखणी असली, तरी तिच्याशी मी असहमत आहे. रस्ता काही एकट्या उपकरातून होत नाही. गावचा रस्ता जिल्हा परिषद करते, शहरातला महापालिका करते, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खाते करते, आणि हे सगळे राज्याच्या तिजोरीवर चालते. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट हा त्या तिजोरीचा मोठा आधार आहे, कारण इंधन जीएसटीच्या बाहेर आहे आणि तिथे अजून राज्याची स्वतःची सत्ता चालते. हा महसूल आटला तर दुसरीकडून कोणीतरी तो भरणारच.

तो कोण भरणार, याकडे पाहा. पंधरा-वीस लाखांची विजेची मोटार घेणारा मनुष्य वाहन करातून सुटला, जीएसटीही त्याने पाचच टक्के भरला, आणि जुन्या मोटरसायकलवर रोज चाळीस किलोमीटर कामाला जाणारा गवंडी मात्र प्रत्येक लिटरमागे पूर्ण कर भरतो आहे. ज्याची ऐपत कमी त्याच्या खांद्यावर ओझे जास्त, ही माझी हरकत आहे. राज्याच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के वाहन कर सुचवला होता, आणि तो महिना संपायच्या आत मागे घेतला गेला. पाचव्या मजल्यावरच्यांची हाक मंत्रालयापर्यंत लवकर पोहोचते, असे माझे मत आहे.

चिंचगूळ
त्या माघारीवर मीही तेव्हा चिडले होते. पण त्यातून फारसा महसूल येणार नाही, हे सरकारने दिलेले कारण मला पटण्यासारखे वाटते. ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्या आहेतच किती? दुसरे असे, की तो कर श्रीमंतीवरचा झाला असता, रस्त्यावरचा नव्हे. कर्नाटकाने २५ लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना १० टक्के लावले, त्यालाही हेच लागू आहे. दहा लाखांची आणि चाळीस लाखांची गाडी एकाच वजनाची असेल आणि तितकीच धावत असेल, तर डांबराला त्यांच्या किमतीतला फरक कळत नाही. श्रीमंतांवर कर जरूर लावावा, पण त्याला रस्त्याचे नाव देऊ नये.

उपअभियंता_निवृत्त
डांबराचा उल्लेख झाला म्हणून लिहितो, कारण माझी पस्तीस वर्षे त्यातच गेली.

रस्त्याला गाडीचे एकूण वजन कळत नाही, त्याला आसावरचे, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर पडणारे वजन कळते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षे ट्रक फिरवण्यात आले. त्या चाचणीतून जो ठोकताळा निघाला, तो आजही आमच्या क्षेत्रात वापरतात. आसावरचा भार जितक्या पटीने वाढतो, त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. १,२०० किलोची पेट्रोल गाडी आणि तिचेच १,४०० किलोचे विजेचे भावंड यांची तुलना केली, तर विजेची गाडी पावणेदोन पटीहून अधिक झीज करते. हे ऐकून तळमजल्यावरचे काका खूश होतील. परंतु पुढचाही हिशेब त्यांना सांगावा. मोटारीच्या आसावर ७०० किलो आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर १० टन धरले, तर त्या ट्रकचा एक आस मोटारीच्या सुमारे ४१ हजार आसांइतकी झीज करतो. मोटार पेट्रोलची असो की विजेची, या हिशेबात तिचा वाटा नगण्यच राहतो.

२०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ जेमतेम १३ टक्के दिसते, पण चौथा घात लावला की झीज ६० टक्क्यांनी वाढते. त्या निर्णयाने रस्त्यांवर जो भार टाकला, तो सगळ्या विजेच्या मोटारी मिळून टाकू शकणार नाहीत. शिवाय आपल्याकडे रस्त्याचा पहिला वैरी पाणी आहे. बाजूचे गटार तुंबले, की मोकळा रस्तासुद्धा एका पावसाळ्यात उखडतो, आणि त्याची पावती कोणत्या गाडीवर फाडायची?

कोकणमेवा
चौथ्या घाताचा नियम आमच्या सौभाग्यवतींच्या कानावर जाऊ नये, अन्यथा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणि मी यांपैकी एकालाच गाडीत जागा मिळेल.

उपअभियंता_निवृत्त
कोकणमेवा, आंबे मागच्या आसावर येतात, तुम्ही पुढे बसावे.

सातारकर_ऑकलंड
मी न्यूझीलंडमध्ये राहतो आणि वर चर्चा चालली आहे तो कर प्रत्यक्ष भरतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इथे पेट्रोलच्या किमतीतच रस्त्याचा कर आहे. डिझेलवर तसा कर नाही, कारण ते शेतात आणि बोटींतही वापरले जाते. म्हणून डिझेलच्या गाड्यांनी किलोमीटर आधी विकत घ्यायचे, अशी पद्धत १९७८ पासून आहे. अवजड वाहनांचा दर वजन आणि आसांची संख्या पाहून ठरतो, त्यामुळे उपअभियंता यांचे गणित इथे दरपत्रकातच उतरलेले दिसते. विजेच्या मोटारींना यातून सूट होती, ती ३१ मार्च २०२४ रोजी संपली. एप्रिलपासून आम्ही १,००० किलोमीटरला ७६ डॉलर भरू लागलो. ओडोमीटरचा आकडा कळवायचा, हजाराच्या पटीत किलोमीटर घ्यायचे आणि आलेली चिठ्ठी काचेवर लावायची, इतकीच ही व्यवस्था आहे. गाडीवर उपग्रहाची नजर ठेवावी लागत नाही.

यात एक खोच आहे आणि तिच्यावरून इथे बरीच कुरकूर झाली. पेट्रोलवरचा कर लिटरला ७० सेंटच्या आसपास आहे. १०० किलोमीटरला चार लिटर पिणारी हायब्रिड गाडी १,००० किलोमीटरला साधारण २८ डॉलर भरते, आणि तितक्याच आकाराची माझी विजेची गाडी ७६ भरते. विजेच्या गाडीला डिझेलचा दर जसाच्या तसा लावल्यामुळे, जिच्यातून धूर येत नाही तिच्यावर अधिक कर बसला. किलोमीटर हे माप चांगले आहे, पण ते सर्वांना एकदम लावले नाही, तर नवा अन्याय उभा राहतो.

जमाखर्च
माझ्या मुद्द्याला याहून चांगला दाखला मिळाला नसता. पेट्रोलच्या करात रस्ता, धूर आणि तिजोरी अशा तीन गोष्टी एकाच पिशवीत भरलेल्या आहेत. विजेच्या गाडीकडून त्यातला रस्ता जरूर मागावा, मात्र धुराचे पैसे तिच्याकडून मागू नयेत. तिजोरीचा प्रश्न आडवाट यांनी बरोबर मांडला आहे हे मान्य करतो, पण त्याची सोय रस्त्याच्या पावतीवर करू नये.

आडवाट
अर्धे मान्य केलेत, हेही नसे थोडके.

टेम्सकाठ
इंग्लंडमध्येही आता तीच वाट धरली आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात असे जाहीर झाले, की एप्रिल २०२८ पासून विजेच्या मोटारींनी मैलाला ३ पेन्स आणि प्लग-इन हायब्रिड गाड्यांनी दीड पेनी भरायची. पेट्रोलचा चालक इंधन करापोटी मैलाला जे देतो, त्याच्या साधारण निम्मा हा दर ठेवला आहे, म्हणजे ऑकलंडची चूक इथे काही अंशी टाळली गेली. वर्षाच्या आरंभी मैलांचा अंदाज देऊन पैसे भरायचे आणि वार्षिक तपासणीच्या वेळी ओडोमीटरवरून हिशेब जुळवायचा, अशी योजना आहे. समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये चालवलेले मैलही त्यात धरले जाणार, यावर लोक नाराज आहेत.

चिंचगूळ
टेम्सकाठ यांनी वार्षिक तपासणीचा उल्लेख केला, आणि आपले घोडे तिथेच पेंड खाते. आपल्याकडे खासगी मोटार नोंदणीनंतर थेट १५ वर्षांनी परिवहन कार्यालयात तपासणीला जाते. विजेच्या गाडीला पीयूसीही लागत नाही. मग वर्षातून एकदा ओडोमीटर पाहणार कोण?

मला एकच ठिकाण सुचते, ते म्हणजे विम्याचे नूतनीकरण. जितके चालवाल तितका हप्ता, अशा जोड-विम्याला विमा नियामकाने २०२२ मध्ये परवानगी दिली आहे, म्हणजे ओडोमीटरचा आकडा कळवणे ही कल्पना परकी राहिलेली नाही. अडचण एवढीच, की पहिली काही वर्षे सरली की पुष्कळ दुचाकीस्वार विमा काढतच नाहीत. ओडोमीटर मागे फिरवून देणारे कारागीर जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही सापडतात, ते वेगळेच. कर लागला की त्यांचा दर वाढेल.

वऱ्हाडी_ठेचा
इथवरची सगळी चर्चा मोटारींभोवती फिरते आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांत आपल्या देशात दुचाकी आणि तीनचाकीच जास्त आहेत, आणि त्यांचे गणित निराळे आहे. माझा धाकटा भाऊ अकोल्यात मालवाहू ई-रिक्षा चालवतो. त्याच्या दिवसाला ८० किलोमीटर फेऱ्या होतात. जमाखर्च यांचे ३१ पैसे त्याला लावले, तर ३०० दिवसांचे साडेसात हजारांच्या आसपास होतात, म्हणजे सोसायटीतल्या मोटारवाल्याच्या दुप्पट, कारण तो पोटासाठी हिंडतो आणि मोटारवाला शनिवार-रविवारी महाबळेश्वरला जातो. गाडीचे कर्ज अजून फिटलेले नाही. न्याय्य कर म्हणताना ‘जो जास्त चालवतो तो जास्त भरतो’ हे सूत्र ऐकायला सरळ वाटते, पण कोण कशासाठी चालवतो हे त्यात दिसत नाही.

उपअभियंता_निवृत्त
वऱ्हाडी_ठेचा यांच्या शंकेचे उत्तर वजनात आहे. रिकामी दुचाकी किंवा भरलेली ई-रिक्षा रस्त्याची जी झीज करते, ती वसूल करायला जो कारकून बसवाल त्याचा पगारसुद्धा त्यातून निघणार नाही. अमुक वजनाखालच्या वाहनाला किलोमीटरचा कर नसावा, अशी सरळ रेघ ओढता येईल. उलट विजेच्या बसकडे लक्ष द्यावे. एसटीची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर धावू लागली, त्याचे कौतुक मलाही आहे, परंतु बॅटरीने बसचे आस जड होतात आणि बस तोच थांबा, तोच वळसा रोज दाबत असते. अर्थात तिच्यावर कर लावला, तर तो तिकिटातून प्रवाशाच्याच खिशातून जाईल, म्हणून बसला कर न लावता थांब्यापाशी काँक्रीट टाकावे, असे मी सुचवेन.

घाटवळण
धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला आहे. मला एक विसंगती खटकते, तिच्याकडे लक्ष वेधतो. रस्ता वापरल्याबद्दल थेट घेतला जाणारा एकच पैसा आपल्याकडे आहे आणि तो म्हणजे टोल. तिथे वजनाप्रमाणे वर्ग आहेत आणि अंतराचाही हिशेब आहे. आणि राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात सूट नेमकी त्यालाच मिळाली. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारी आणि बस यांना पूर्ण टोलमाफी ठेवली आहे. अटल सेतूवर एका खेपेचे २५० रुपये वाचतात, तेव्हा मला आनंद होतो, हे कबूल करतो. राष्ट्रीय महामार्गांवर मात्र मी इतरांसारखाच टोल भरतो किंवा ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत सुरू झालेला २०० खेपांचा वार्षिक पास घेतो. एका नाक्यावर तर माफी असूनही फास्टॅगमधून पैसे गेले आणि ते परत मिळवताना माझे तीन अर्ज झाले.

गाडी घेताना प्रोत्साहन द्यायचे असेल, तर ते खरेदीच्या वेळी द्यावे. वापराचा मोबदला माफ केला, तर जो रोज द्रुतगती मार्गाने जातो त्यालाच सर्वाधिक अनुदान मिळते.

आडवाट
विजेच्या गाडीच्या मालकानेच हे लिहावे, यासाठी मी घाटवळण यांना चहा पाजायला तयार आहे.

कलमबहाद्दर
कायद्याची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने जुलै २०२१ पासून विजेच्या गाड्यांवर किलोमीटरला अडीच सेंट कर लावला होता. दोन वाहनमालक न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो रद्द केला. असा कर उत्पादन शुल्काच्या जातीचा असून तो लावण्याचा अधिकार राज्यांना नाही, असे बहुमताने ठरवले.

आपल्याकडे ही अडचण तशी येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत नोंद ५७ वाहनांवरील करांची, नोंद ५९ टोलची आणि नोंद ५३ विजेच्या वापरावरील कराची आहे, म्हणजे तिन्ही वाटा राज्याच्या हातात आहेत. पेच निराळाच आहे. गाडी कोल्हापूरची, पण मालकाची नोकरी बेळगावात असेल, तर त्याचे निम्मे किलोमीटर कर्नाटकात होतात. ते पैसे महाराष्ट्राने का घ्यावेत? टेम्सकाठ यांच्याकडे मध्ये समुद्र आहे, आपल्याकडे दोन राज्यांच्या मध्ये कधी कधी एक शेत असते.

मधली_सुट्टी
ओडोमीटर बघायला तिथे दोन्ही राज्यांचे कारकून येतील आणि त्या शेतातच हद्दीचा वाद सुरू होईल.

चिंचगूळ
थट्टा बाजूला ठेवली, तर विजेवर वेगळा कर हीच सर्वांत सोपी वाट दिसेल, पण ती फसवी आहे. सार्वजनिक चार्जरवर कर लावता येईल. मात्र घरच्या मीटरवर कोणती युनिटे गाडीने प्यायली आणि कोणती गीझरने, हे वेगळे मोजायला दुसरा मीटर हवा. ज्याच्या छतावर सौर पॅनेल आहेत तो सुटणार, आणि ज्याला घरी चार्जिंगची सोय नाही त्या भाडेकरूवरच कर बसणार. मला वजनाचे दोन-तीन टप्पे आणि विम्याच्या वेळी ओडोमीटर, हे अपुरे असले तरी त्यातल्या त्यात बरे वाटते, आणि ते पेट्रोलच्या गाड्यांनाही लागू करून पेट्रोलवरचा रस्ते उपकर तितका उतरवावा.

घाटवळण
काल पुन्हा सोसायटीची बैठक झाली. चिंचगूळ यांची सूचना आणि ४१ हजारांचा आकडा मी काकांना सांगितला. वजनाचे त्यांना पटले, किलोमीटरचेही पटले, पण पेट्रोलच्या गाड्यांनाही तेच लावायचे म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला. खाली उतरल्यावर त्यांच्या गाडीच्या काचेवरचा हिरवा गोल स्टिकर मी पहिल्यांदा नीट पाहिला. ती गाडी दोन वर्षांपासून सीएनजीवर चालते आहे.

जमाखर्च
राज्याने सीएनजीवरचा व्हॅट एप्रिल २०२२ मध्ये साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला होता. काकांचे वर्षाचे किलोमीटर विचारून इथे द्यावेत, त्यांचाही हिशेब मांडून देतो.